आधी ठरवा, मग जोडा

आरे कॉलनीच्या नकाशावर नुसतं बोट फिरवलं, तरी एका वस्तीत किती तऱ्हेची नेटवर्कं नांदू शकतात याचा अंदाज येतो. दक्षिणेला जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याजवळ मेट्रो-३ चं आरे जेव्हीएलआर स्टेशन आणि लगतचा कारडेपो. पश्चिमेला द्रुतगती महामार्गावर मेट्रो-७ चं आरे स्टेशन. उत्तरेला लागून दादासाहेब फाळके चित्रनगरी. मधल्या भागात दुग्धवसाहतीचे तबेले, पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर, राज्य राखीव दलाचा तळ, आदिवासी पाडे आणि बिबट्यांचा वावर असलेलं रान. इथल्या स्टेशनात, कचेरीत, स्टुडिओत कुठे ना कुठे भिंतीला टांगलेला एक रॅक असतो आणि त्यात हिरवे दिवे लुकलुकणारा एक चपटा डबा. कॅमेरा, संगणक, तिकिटाचं फाटक, हजेरीचं यंत्र, सगळ्यांच्या वायरी शेवटी त्याच्यापाशी येतात.

हा डबा म्हणजे स्विच. ज्या स्विचला सांगितलेलं कळतं, तो मॅनेज्ड स्विच.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून पाच किंवा आठ पोर्टांचा साधा स्विच आणला, प्लग लावला, वायरी खोचल्या, की काम सुरू होतं. कुठल्या पोर्टावर कुठलं यंत्र आहे हे तो त्याच्या मॅक पत्त्यावरून आपलं आपण शिकतो आणि त्याच्यासाठी आलेला डेटा नेमका तिथेच पोचवतो. पत्ता ठाऊक नसेल तर सगळ्या पोर्टांवर पाठवून मोकळा होतो. घरापुरतं एवढं पुष्कळ झालं. पण हा स्विच कुणाला अडवत नाही, कुणाला वेगळं काढत नाही आणि काय बिघडलं तेही सांगत नाही. मॅनेज्ड स्विच हे सगळं करू शकतो. मात्र करू शकतो म्हणजे करतोच असं नाही. नवाकोरा मॅनेज्ड स्विच खोक्यातून काढून तसाच लावला, तर त्याचे सगळे पोर्ट उघडे असतात, सगळे एकाच गटात, म्हणजे व्हीलॅनमध्ये, बहुधा एक नंबरच्या, आणि येईल त्याचं स्वागत करतात. अनेक कचेऱ्यांत असे महागडे स्विच वर्षानुवर्षं साध्या स्विचचंच काम करत बसलेले असतात. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं.

स्विचची गोष्ट फार जुनी नाही. २२ मे १९७३ रोजी बॉब मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात इथरनेटची कल्पना मांडणारं टिपण लिहिलं. त्याच वर्षी आरेच्या दक्षिणेला सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीचं क्षेत्र उभं राहिलं. तेव्हाच्या इथरनेटमध्ये सगळे संगणक एकाच तारेवर असत आणि एका वेळी एकानेच बोलायचं हा नियम. दोघं एकदम बोलले की टक्कर व्हायची आणि दोघांनाही थांबून पुन्हा सुरुवात करावी लागायची. प्रत्येक यंत्राला स्वतःची वाट देणारा पहिला इथरनेट स्विच बाजारात आला तो १९९० मध्ये. तो बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं कल्पना. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर या दोघांनी ती कॅलिफोर्नियात काढली होती आणि त्या स्विचला सात पोर्ट होते. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. आपल्याकडे या धंद्याची एक शाखा गोव्यात रुजली. के. आर. नाईक यांच्या स्मार्टलिंकचं आणि डी-लिंक इंडियाचं बस्तान वेर्णा औद्योगिक वसाहतीत आहे, आणि गल्लीतला केबलवालादेखील स्विच म्हटलं की आधी ‘डी-लिंक’ म्हणतो.

पोर्ट सेटिंग म्हटलं की नवशिक्या तंत्रज्ञासमोर काळा पडदा आणि इंग्रजी आज्ञा उभ्या राहतात. आज्ञा पाठ होतात, शिवाय कंपनीगणिक त्या बदलतात. त्याआधीचं काम कागदावरचं आहे. समजा, आरेत एखादं आवार आहे. फाटकावर दोन कॅमेरे, कुंपणाला आणखी सहा, कचेरीत आठ संगणक, दाराशी बोटाचे ठसे घेणारं हजेरीचं यंत्र, पाहुण्यांसाठी दोन वाय-फाय ॲक्सेस पॉइंट, आणि झाडीपलीकडे तीनशे मीटरवर दुसरी इमारत. चोवीस पोर्टांचा एक स्विच इथे पुरतो. आज्ञा टंकण्याआधी चोवीस ओळींचा तक्ता करायचा: पोर्टाचा नंबर, पलीकडच्या टोकाला काय आहे, त्याने कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही, त्याला वीज स्विचनेच द्यायची का, आणि तिथे काही नसेल तर पोर्ट बंद ठेवायचा का. हा तक्ता तयार असेल तर सेटिंग तासाभराचं काम. नसेल तर ती जन्माची कटकट.

सुरुवात वेगापासून करू. पोर्ट आणि पलीकडचं यंत्र यांनी किती वेगाने बोलायचं, आणि एकाच वेळी दोघांनी बोलायचं की आळीपाळीने, हे आपसात ठरवायची सोय १९९५ पासून आहे. तिला ऑटो-निगोशिएशन म्हणतात. दोन्ही टोकांना ‘ऑटो’ असेल तर वाटाघाट होते आणि दोघंही फुल डुप्लेक्सवर येतात. घोळ होतो तो एका टोकाने हट्ट धरला की. कुणीतरी ‘पक्कं करून टाकू’ म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूला १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स असं ठोकून बसवतो आणि स्विचचा पोर्ट ‘ऑटो’वरच राहतो. पलीकडून वाटाघाटीला उत्तर येत नाही. स्विचला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही, म्हणून तो नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स धरतो. आता एक बाजू वाटेल तेव्हा बोलते, दुसरी समोरच्याचं संपायची वाट बघते.

गंमत म्हणजे दिवा हिरवाच असतो. पिंगलाही उत्तर येतं. फक्त चित्र अडखळतं, फाइल उतरायला युगं लागतात, आणि दोष केबलला दिला जातो. केबल बदलून बघतात, मग कॅमेरा. पण पोर्टाचे आकडे वाचले तर ते सरळ सांगतात: हाफ डुप्लेक्सच्या बाजूला ‘लेट कोलिजन’ वाढत असतात, फुलच्या बाजूला ‘सीआरसी एरर’. उपाय एका ओळीचा आहे. दोन्ही टोकं ‘ऑटो’ ठेवायची, नाहीतर दोन्हीकडे तेच आकडे ठोकायचे. गिगाबिटच्या तांब्याच्या केबलीवर तर ऑटो-निगोशिएशन हा त्या मानकाचाच भाग आहे, तिथे हट्टाला जागा नाही.

यापुढचा विषय व्हीलॅन. मॅनेज्ड स्विच घ्यायचं निम्मं कारण हेच. एकाच स्विचवर बसलेले कॅमेरे, कचेरी, हजेरी आणि पाहुणे यांनी एकमेकांच्या गोतावळ्यात शिरू नये, म्हणून प्रत्येक गटाला एक नंबर द्यायचा: कॅमेरे १०, कचेरी २०, हजेरी ३०, पाहुण्यांचं वाय-फाय ४०. १९९८ मध्ये आलेल्या ८०२.१क्यू या मानकानुसार स्विच प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या प्रत्येक पुडक्यात, चार बाइटांची खूण घालतो. त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या नंबरासाठी राखलेले, म्हणून वापरता येण्याजोगे नंबर ४०९४. आरेच्या काचेच्या बाटल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही युक्ती नवी नाही: दूध सगळं पांढरंच, पण टोपणाच्या रंगावरून साधं कुठलं आणि टोन्ड कुठलं ते कळायचं, आणि टोन्ड दूध ही तर आरे उभारणाऱ्या दारा खुरोडी यांचीच देणगी. टोपण वाटेत लागतं, पिणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. स्विचही संगणकाच्या किंवा कॅमेऱ्याच्या पोर्टावर फ्रेम सोडताना खूण काढून घेतो. असा पोर्ट म्हणजे ॲक्सेस पोर्ट. जिथून सगळ्या गटांच्या फ्रेमा खुणेसकट दुसऱ्या स्विचकडे जातात, तो ट्रंक पोर्ट.

ट्रंक पोर्टावर एक प्रसिद्ध खड्डा आहे, आणि त्यात भलेभले पडले आहेत. आपल्या आवारात दुसऱ्या इमारतीकडे जाणाऱ्या ट्रंकवर १०, २० आणि ४० या व्हीलॅनना परवानगी आहे. तिकडेही हजेरीचं यंत्र बसवायचं ठरतं, म्हणजे ३० ची भर घालायची. सिस्कोच्या आज्ञावलीत ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०’ असं लिहायचं असतं. घाईत ‘ॲड’ राहून गेलं, तर स्विच ती यादीत भर मानत नाही, ती नवी यादी मानतो. एंटर दाबल्याबरोबर पलीकडच्या इमारतीतले कॅमेरे, संगणक आणि वाय-फाय एकदम गायब, चालू फक्त हजेरी. तंत्रज्ञ पलीकडच्याच स्विचवर दूरून काम करत असेल तर त्याच्या पडद्यावरचा कर्सरही तिथेच गोठतो. मग पावसात तीनशे मीटर चालत जाऊन कन्सोल केबल लावणं आलं.

गटांची ही विभागणी मोठ्या प्रमाणावर कशी दिसते ते बघायला आवाराबाहेर फार लांब जावं लागत नाही. कफ परेड ते आरे ही मेट्रो-३ सुमारे ३३.५ किलोमीटरची, २७ स्टेशनांची. त्यांतलं जमिनीवरचं एकमेव स्टेशन म्हणजे आरे. पहिल्या टप्प्याचं उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं, शेवटच्याचं ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. कारडेपोसाठी २०१९ मध्ये झालेली वृक्षतोड आणि त्यावरचं आंदोलन मुंबईकर विसरलेले नाहीत. पण डेपो आणि फलाट यांना एकदा नेटवर्कच्या नजरेने पाहिलं की वेगळंच चित्र दिसतं. फलाटाच्या कडेचे सरकते दरवाजे, तिकिटाची फाटकं, सीसीटीव्ही, उद्घोषणा, गाडी किती मिनिटांत येते ते सांगणारे फलक, कर्मचाऱ्यांचे फोन: या प्रत्येकाची निकड निराळी आणि धोकाही निराळा. भुयारात मोबाइलला रेंज नाही म्हणून प्रवाशांची ओरड झाली, आणि तिकीट काढता यावं यासाठी स्टेशनांवर वाय-फाय आलं. प्रवाशाच्या फोनने त्या वाय-फायवरून तिकीट खुशाल काढावं, पण त्याच फोनला फाटकाच्या यंत्रणेचं दार दिसताही कामा नये. गाडीच्या नियंत्रणाचं जाळं तर मेट्रोमध्ये सहसा याहून पुढे जाऊन वेगळ्या उपकरणांवरच ठेवतात, कारण तिथे व्हीलॅनच्या एका नंबरावर भिस्त ठेवणं परवडत नाही.

लूप हा प्रकार ट्रंकवरच्या त्या चुकीहून धोक्याचा. बैठकीच्या खोलीत एक मोकळी पॅच कॉर्ड लोंबकळत असते. कुणीतरी टापटीप म्हणून तिचं दुसरं टोकही भिंतीतल्या सॉकेटात खोचतो. आता स्विचच्या एका पोर्टातून निघालेली वायर त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टात आली. सगळ्यांसाठी पाठवलेली एक फ्रेम त्या वर्तुळात फिरत राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती वाढतात, आणि काही सेकंदांत अख्खं नेटवर्क गुदमरतं. यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना शोधला: स्विच आपसात निरोप पाठवून वर्तुळ ओळखतात आणि जादाचा दुवा स्वतःहून मिटून घेतात. हा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल. मात्र तोही सांभाळावा लागतो. १३ नोव्हेंबर २००२ रोजी बोस्टनमधल्या बेथ इझ्रायल डीकनेस या बड्या रुग्णालयाचं नेटवर्क बसलं. वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी वाढत गेलेल्या त्या जाळ्याला स्पॅनिंग ट्रीचा हिशेब पेलेनासा झाला होता. सुमारे चार दिवस डॉक्टर आणि परिचारिका कागद-पेनावर काम करत होते.

पोर्टाच्या पातळीवर याची दोन सेटिंगं आहेत आणि ती जोडीने येतात. जुन्या पद्धतीत वायर लावल्यावर पोर्ट आधी पंधरा सेकंद ऐकतो, मग पंधरा सेकंद शिकतो, आणि नंतर कामाला लागतो. या अर्ध्या मिनिटात संगणक आयपी पत्ता मागून मागून थकतो आणि ‘नेट येत नाही’ अशी तक्रार येते. म्हणून ज्या पोर्टावर संगणक किंवा कॅमेराच असणार, तिथे ‘पोर्टफास्ट’ लावून ही वाट बघणं टाळतात. त्याच पोर्टावर ‘बीपीडीयू गार्ड’ही लावायचा: तिथे उद्या कुणी दुसरा स्विच जोडलाच, तर पहिला निरोप येताच पोर्ट बंद होतो. पोर्टफास्ट लावून गार्ड विसरणं हे कुलूप काढून चौकीदारालाही सुट्टी देण्यापैकी.

आता विजेचा हिशेब. कॅमेऱ्याला वेगळा प्लग नको म्हणून डेटाच्याच केबलीतून वीज देतात, ती पॉवर ओव्हर इथरनेट. २००३ च्या मानकात पोर्टामागे १५.४ वॅट, २००९ च्या मानकात ३०, आणि २०१८ पासून ९० वॅटपर्यंत. फसगत होते ती बेरजेत. चोवीस पोर्टांच्या स्विचवर ‘पीओई ३७० वॅट’ असं छापलेलं असेल, तर १५.४ वॅटने चोवीसही पोर्ट निभावतात, ३० वॅटने मात्र बाराच. शिवाय कॅमेऱ्याची भूक दिवसभर सारखी नसते. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि वीज जास्त लागते. दिवसा सगळं सुरळीत दाखवून बिल मंजूर करून घेतलेली यंत्रणा संध्याकाळी सातनंतर एकेक कॅमेरा टाकू लागते, आणि आरेत कुंपणाकडे डोळा ठेवायची खरी वेळ तीच असते. म्हणून प्रत्येक पोर्टाला प्राधान्य ठरवून द्यायचं: फाटकाचे कॅमेरे ‘क्रिटिकल’, पाहुण्यांचं वाय-फाय ‘लो’. वीज कमी पडली तर आधी कोण उपाशी राहणार, ते मग स्विच ठरवत नाही.

दुसऱ्या इमारतीचं तीनशे मीटरचं अंतर तांब्याच्या केबलीने जोडता येत नाही. तिची मर्यादा शंभर मीटर: भिंतीतली नव्वद आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डची मिळून दहा. तिथे फायबर घालून एसएफपी पोर्ट वापरायचा. फायबरचा दुसरा फायदा पावसाळ्यात कळतो. दोन इमारतींमधली तांब्याची तार वीज कोसळली की आपल्यातून झटका आत आणते, आणि एका पोर्टाबरोबर अख्खा स्विच जळतो. काचेच्या धाग्यातून झटका येत नाही. उघड्यावरच्या आरजे-४५ जोडांत पाणी शिरून पिना गंजल्या, तर लिंक चटकन तुटत नाही. आधी सीआरसीचे आकडे चढू लागतात. जूनपासून दर आठवड्याला ते आकडे टिपून ठेवणाऱ्याला कुठला जोड आधी जाणार हे ऑगस्टच्या आधीच कळतं.

सुरक्षेची सेटिंगं म्हटली की हॅकर डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात त्रास देतो तो बहुधा आपलाच एखादा सहकारी. वाय-फाय कमजोर आहे म्हणून तो घरचा जुना राउटर आणतो आणि त्याचा लॅन पोर्ट भिंतीतल्या सॉकेटाला जोडतो. राउटर आपला धर्म पाळून शेजाऱ्यापाजाऱ्यांना आयपी पत्ते वाटू लागतो. निम्म्या कचेरीचं इंटरनेट जातं, निम्मीचं चालू राहतं, आणि कुणालाच काही उलगडत नाही. ‘डीएचसीपी स्नूपिंग’ चालू करून पत्ते वाटणारा खरा सर्व्हर ज्या बाजूला आहे तेवढाच पोर्ट विश्वासाचा ठरवला, तर बाकीच्या पोर्टांवरून पत्ते वाटलेच जात नाहीत. त्याच्या जोडीला ‘पोर्ट सिक्युरिटी’: एका पोर्टावर किती मॅक पत्ते चालतील, आणि त्याहून जास्त दिसले तर नुसती नोंद करायची की पोर्टच बंद करायचा. बंद झालेला पोर्ट ‘एरर-डिसेबल्ड’ दाखवतो. तो कारण न शोधता पुन्हा उघडला तर पुन्हा बंद होतो, आणि तिसऱ्यांदा वैतागून कुणीतरी सेटिंगच काढून टाकतो. वापरात नसलेले पोर्ट सरळ ‘शटडाउन’ करणं हा यातला सर्वांत स्वस्त उपाय, आणि सर्वांत दुर्लक्षितही.

इतकं सगळं केल्यावर उरतं ते जतन करणं. टंकलेल्या आज्ञा लगेच लागू होतात, पण बऱ्याच स्विचांमध्ये त्या चालू स्मृतीतच असतात. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ केलं नाही, तर वीज गेल्याबरोबर स्विच जुन्या अवस्थेत परत जातो. हीच उणीव मुरलेली माणसं उपयोगात आणतात. दूरच्या स्विचवर जोखमीचा बदल करायच्या आधी ती ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवतात. बदल फसला आणि संपर्क तुटला, तर दहा मिनिटांनी स्विच स्वतः पुन्हा सुरू होऊन न जपलेला बदल विसरून जातो. बदल जमला, तर रीलोड रद्द करायचा आणि मग जतन करायचं.

पुढच्या प्रकरणांत यातली एकेक गोष्ट आज्ञांसकट येईल, आणि ती वाचताना समोर एखादा खराखुरा स्विच असलेला बरा. वाचकाने सुरुवात मात्र काहीही न बदलता करावी. कन्सोल केबल लावायची, पुट्टी उघडायचं, ‘शो इंटरफेस स्टेटस’ आणि ‘शो मॅक ॲड्रेस-टेबल’ या दोन आज्ञा द्यायच्या, आणि पडद्यावरचे पोर्ट हातातल्या तक्त्याशी ओळीने ताडून बघायचे. जुळतील त्यांना ‘डिस्क्रिप्शन’मध्ये नावं द्यायची. जे पोर्ट चालू आहेत पण तक्त्यात नाहीत, त्यांच्या वायरी धरून रॅकपासून निघायचं आणि दुसरं टोक सापडेपर्यंत चालत राहायचं.